'नेव्हरदलेस'चा शेवट तुम्हाला पटला का? (कथानक उघड होईल)

शाल्मली

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबा. मला शेवटाबद्दलच बोलायचंय आणि ते आडपडदा ठेवून बोलता येणार नाही.

'नेव्हरदलेस' ही २०२१ ची कोरियन मालिका. जेटीबीसी वाहिनीवर १९ जून ते २१ ऑगस्ट, दर शनिवारी रात्री एक भाग, असे फक्त १० भाग. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी नेटफ्लिक्सवर. हान सो-ही आणि सोंग कांग प्रमुख भूमिकांत, मूळ गोष्ट एका वेबटूनची, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेची. तिकडच्या टीव्हीवर रेटिंग एक-दोन टक्क्यांच्या पुढे फारसं गेलं नाही, पण बाहेर तिच्यावरून अजून भांडणं होतात. आमच्याकडेही झालं. माझ्या धाकट्या बहिणीला ही मालिका जीव की प्राण आहे, आणि मला दहावा भाग संपल्यावर इतका राग आला की मी तिच्याशी धड बोललेही नाही.

राग मालिकेवर आहे तो पहिले नऊ भाग उत्तम आहेत म्हणून. वाईट मालिका असती तर सोडून दिली असती.

पहिल्या भागातली दोन दृश्यं घ्या. नाबी शिल्पकला शिकते. तिचा प्रियकरही शिल्पकार, तिच्याहून मोठा. त्याच्या प्रदर्शनाला ती जाते आणि समोर तिचंच शरीर, शिल्पात उतरवलेलं. तिला विचारलेलं नाही, सांगितलेलं नाही. लोक वाइनचे ग्लास घेऊन त्याच्याभोवती फिरताहेत. हान सो-ही त्या ठिकाणी काही मोठा अभिनय करत नाही, फक्त उभी राहते, आणि तिच्या खांद्यांवरून कळतं की तिला तिथून नाहीसं व्हायचंय. त्याच रात्री पबमध्ये जे-ऑन (सोंग कांग) भेटतो. डार्ट्स खेळतात, गप्पा होतात, आणि तो तिच्या मनगटावर पेनने फुलपाखरू काढतो. हे दृश्य मी थांबवून थांबवून पाहिलं. एकाने तिच्या शरीराचं काहीतरी बनवलं तेव्हा ती उन्मळून गेली, आणि त्याच दिवशी दुसरा तिच्या शरीरावर काहीतरी काढतोय तर तिचा श्वास अडकलाय. या वेळी ती हजर आहे, तिच्याकडे कुणीतरी नीट बघतंय. एवढ्या एका फरकावर ती पुढचे सगळे भाग काढते. ज्याने कुणी हे दोन प्रसंग एका भागात शेजारी शेजारी ठेवले, त्याला माणसं कळतात.

पुढे जे-ऑन तिच्याच विभागात निघतो. सगळ्यांशी गोड, सगळ्यांच्या जवळ, कुणाचाच नाही. तो खोटं बोलत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो कधीही म्हणत नाही की मी तुझ्यावर प्रेम करतो, म्हणून त्याला पकडता येत नाही. नाबीने कधी विचारलंच, तर तो हसतो, आणि त्या हसण्यात उत्तर आहे असं तिला वाटत राहतं.

कोरियन नात्यांची एक रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण ती माहीत असेल तर ही मालिका जास्त बोचते. तिकडे दोघं 'एकत्र' आहेत की नाहीत हे साधारण मोघम राहत नाही. कुणीतरी स्पष्ट विचारतं, दुसरा हो म्हणतो, आणि तो दिवस पहिला धरून पुढचे दिवस मोजतात. शंभरावा दिवस साजरा होतो, सारख्या अंगठ्या घेतात. म्हणजे 'आपण कोण आहोत?' याचं उत्तर देण्याची सोय त्या समाजाने करून ठेवली आहे. जे-ऑन ती सोय वापरत नाही आणि नाबीलाही वापरू देत नाही. तिचा पहिला दिवस कधी उजाडतच नाही.

नऊ भाग मालिका हे सगळं डोळ्यांत तेल घालून दाखवते. नाबीला सगळं कळतं. तिच्या मनातला आवाज आपल्याला सतत ऐकू येतो आणि त्या आवाजात एकदाही भाबडेपणा नाही. तरी पाय तिकडेच वळतात. आणि मग दहाव्या भागात अचानक जे-ऑन बदललेला असतो, ती त्याचा हात धरते, आणि आपण आनंद मानायचा. मूळ वेबटूनमध्ये ती दोघं वेगळी होतात. मालिकेने ते बदललं.

माझा प्रश्न शेवट आवडलेल्यांना आहे, आणि मी भांडायला विचारत नाहीये, मला खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही नेमक्या कोणत्या दृश्यावर विश्वास ठेवलात? जे-ऑन बदलला हे तुम्हाला कुठे दिसलं? 'ते एकमेकांसाठीच बनलेत' वगैरे नको. दृश्य सांगा.

निशिगंध

शेवट आवडला नाही, तेव्हा खरं तर मी उत्तर द्यायला नको. पण अनुमोदन द्यायला आले. मला एकही दृश्य सापडलं नाही. नाबीवर प्रेम करणारा दुसरा मुलगा, दो-ह्योक, इतका सरळ, त्याने नाबीला एकदाही कोड्यात टाकलं नाही, आणि त्याच्या वाट्याला काय आलं? वेबटूनचा शेवट ठेवला असता तर ही मालिका मी सगळ्या मैत्रिणींना बघायला लावली असती. आता सांगते, नऊ भाग बघा आणि थांबा.

मानसी_प

शाल्मली, मी सांगते दृश्य. प्रदर्शनाच्या तोंडावर नाबीचं शिल्प मोडतं, आणि जे-ऑन मदतीला उभा राहतो ते.

मी स्वतः मातीकाम करते, म्हणून कदाचित मला ते वेगळं दिसलं असेल. दुसऱ्याच्या कामाला हात लावणं फार अवघड असतं. आपला हात आपोआप आपल्या सवयीने चालतो. समोरच्याची रेषा कुठे संपते, तिला काय हवं होतं, हे सतत विचारत राहावं लागतं, स्वतःला बाजूला ठेवावं लागतं. जे-ऑन त्याच विभागातला, त्याला स्वतःचं काम येतं. तरी तो तिच्या कामाचा मदतनीस होतो. पहिल्या भागातल्या प्रियकराने नाबीचं शरीर घेऊन स्वतःचं काम केलं होतं. तू ते दृश्य इतकं छान उलगडलंस, मग हे त्याच्या बरोबर समोरचं आहे हे तुला दिसलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. इथे पुरुष तिचं काम तिला परत उभं करून देतोय आणि त्यावर नाव तिचंच राहणार आहे.

आणि त्या वेळात त्याने काही मागितलं नाही. रात्री जागून मदत करायची आणि बदल्यात काही नको, हे आधीच्या जे-ऑनला जमलं नसतं. आधी त्याच्या प्रत्येक प्रेमळ कृतीला एक टोक होतं, ते तिला त्याच्या घराकडे ओढायचं. 'फुलपाखरं बघायला येतेस का?' हे वाक्य सुंदर आहे, पण ते आमंत्रणच आहे. शिल्पाच्या वेळी आमंत्रण नव्हतं.

शेवट घाईत झाला हे मला मान्य आहे. आणखी दोन भाग हवे होते. पण दिसलंच नाही असं नाही.

ओंकार

मालिका बायकोमुळे पाहिली, पण शेवटी तिच्यापेक्षा मीच जास्त गुंतलो, त्यामुळे लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, की जे-ऑनचा बदल आपल्याला दिसायला हवा होता. पण ही मालिका आहे कुणाच्या डोळ्यांतून? नाबीच्या. तिच्या मनातला आवाज आपल्याला ऐकू येतो, त्याच्या मनातला नाही. त्याच्या घरचं थोडं दाखवलंय, पण ओझरतं. आपल्याला जे-ऑनबद्दल नाबीइतकंच कळतं. मग तो आतून बदलला की नाही हे आपल्याला कळलं असतं तर ती दुसरीच मालिका झाली असती. नाबीसमोर तो बदलल्याचा पुरावा नाही. ती तरीही हो म्हणते. माझ्या मते शेवट एवढाच आहे. दिग्दर्शक तुम्हाला आनंद माना असं कुठे सांगतोय? मला तर शेवटी भीतीच वाटली तिच्यासाठी. छान वाटलं आणि भीतीही वाटली.

दुसरं, आठवड्यातून एकच भाग. बहुतेक कोरियन मालिका १६ भागांच्या आणि आठवड्याला दोन अशा असायच्या. ही शनिवारी एकदाच. आम्ही ती त्याच वेळी पाहत होतो, एकेक करून. एक भाग संपायचा तो नेमका जे-ऑन जरा जवळ आलाय अशा ठिकाणी, आणि पुढचे सात दिवस काहीच नाही. बायको चिडायची की हा मुलगा हिला असं ताटकळत का ठेवतो, आणि ती स्वतः शनिवारची वाट बघत असायची. ज्यांनी नंतर एका बैठकीत दहाही भाग पाहिले त्यांना नाबी मूर्ख वाटते. आम्हाला कधी वाटली नाही. वाट पाहण्याने माणूस कसा बांधला जातो ते आम्ही तिच्याबरोबर अनुभवत होतो.

दो-ह्योकबद्दल निशिगंध यांच्याशी असहमत. तो चांगला आहे म्हणून नाबीने त्याला निवडायला हवं होतं, हा हिशेब मला पटत नाही. चांगुलपणाचं बक्षीस म्हणून मुलगी मिळते का? नाबीने त्याला स्पष्ट नकार दिला, लटकवून ठेवलं नाही. जे-ऑनने तिच्याशी जे केलं ते तिने दुसऱ्याशी केलं नाही. माझ्यासाठी ती सगळ्या मालिकेतली तिची सर्वांत मोठी कृती आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

शाल्मली

मानसी, तू समोरासमोर ठेवलेली ही जोडी मला फार आवडली. माझं शरीर घेऊन त्याचं काम, आणि माझंच काम मला परत. हे मी यापुढे विसरणार नाही. पण तरी मला ते पुरत नाही, आणि का ते सांगते. संकटात मदत करणं जे-ऑनसारख्या माणसांना जमतं. ती मोठ्या प्रसंगांची माणसं असतात. तुमचं काही मोडलंय, तुम्ही रडताय, तिथे ते सगळ्यात आधी पोचतात आणि मनापासून राबतात. प्रश्न नंतरच्या मंगळवारी काय करतात हा असतो. काही मोडलेलं नाही, काही घडलेलं नाही, नुसता एक संदेश यायला हवा होता आणि आला नाही, असा मंगळवार. मालिकेने मला असा एकही साधा दिवस शेवटी दाखवला नाही. आधीच्या भागांत मात्र असे दिवस भरपूर आहेत: नाबी स्टुडिओत काम करतेय, हात मातीने माखलेत, फोन बाजूला पडलाय आणि तिची नजर दर थोड्या वेळाने तिकडे जातेय. तीच नजर शेवटी निवांत झालेली दाखवली असती तर मी काहीही न बोलता विश्वास ठेवला असता.

ओंकार, नकाराबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आठवड्याच्या वाट पाहण्याचं मला सुचलंच नसतं, मी नेटफ्लिक्सवर सलग पाहिली. पण 'दिग्दर्शक आनंद माना असं कुठे सांगतो' याला मी राजी नाही. शेवटचं संगीत ऐका, उजेड बघा, दोघांचे चेहरे बघा. भीती तुम्ही तुमच्या पदरची आणलीत. तुमची समज मोठी आहे, त्याचं श्रेय मालिकेला का द्यायचं?

वृंदा

मी सहसा लिहीत नाही, वाचते. तो मंगळवार वाचला आणि राहवलं नाही.

माझं लग्न व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. असाच एक होता. त्याचं नाव-गाव काही सांगत नाही, त्याची गरज नाही. खूप बुद्धिमान, खूप हळवा, माझ्या आवडीनिवडी माझ्याहून जास्त लक्षात ठेवणारा. मी कुठल्या पुस्तकातलं कुठलं पान दुमडलं होतं हे त्याला आठवायचं. आणि चारचौघांत भेटला की ओळख नुसती 'ही आमच्या ग्रुपमधली'. मी त्यावर कधी भांडले नाही, कारण भांडायला काही ठोस नव्हतं. तो ओरडला असता, फसवलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते. त्याने यातलं काहीच केलं नाही. फक्त मी किती महत्त्वाची आहे हे माझं मलाच दर वेळी नव्याने ठरवावं लागायचं, त्याच्या आवाजावरून, त्याने किती वेळाने फोन केला यावरून. त्या काळात मी दुसरं काहीच केलं नाही. अभ्यास नाही, वाचन नाही, घरच्यांशी धड बोलणं नाही. सगळं डोकं त्याचा अर्थ लावण्यात जायचं.

मालिकेत हे कुणीतरी ओळखलंय. नाबीचं काम अडतं, तिला शिल्प सुचत नाही, हात चालत नाहीत. लोक म्हणतात की रडारड जास्त आहे. मला त्याहून ते अडलेलं काम जास्त खरं वाटलं. असं प्रेम वेळ खातं, आणि सगळ्यात आधी जो वेळ आपण आपल्या कामाला देत होतो तो खातं.

मला शेवट बघवला नाही. शेवटची दहा मिनिटं मी उठून गेले. पण ओंकार म्हणतात ते खोटं नाही. तो जर तेव्हा परत आला असता आणि म्हणाला असता की चल, आता सगळ्यांना सांगू, तर मी गेले असते. सगळं माहीत असून गेले असते. तो आला नाही म्हणून मी वाचले, माझ्या शहाणपणामुळे नाही. म्हणून मी नाबीला नावं ठेवत नाही. मालिकेने तिच्या जाण्याला इतका गोड उजेड द्यायला नको होता, एवढंच.

प्राची

वृंदाताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. 'भांडायला काही ठोस नव्हतं' यावरून मला एक गोष्ट जोडावीशी वाटते.

ही मालिका कोणत्या वर्षी आली ते बघा. कोरियात पाठलाग करण्याविरुद्धचा स्वतंत्र कायदा संसदेत मंजूर झाला मार्च २०२१ मध्ये आणि लागू झाला २१ ऑक्टोबर २०२१ ला. पहिलं विधेयक १९९९ मध्ये मांडलं गेलं होतं, म्हणजे बावीस वर्षं गेली. त्याआधी पाठलाग हा किरकोळ गुन्हा होता, जास्तीत जास्त एक लाख वॉन दंड. नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड, शस्त्र असेल तर त्याहून जास्त. 'नेव्हरदलेस' बरोबर या दोन तारखांच्या मधल्या उन्हाळ्यात दाखवली गेली. २०१८ मध्ये छुप्या चित्रीकरणाविरुद्ध सोल शहरात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, ते पण ताजं होतं. पहिल्या भागातलं ते शिल्प तिथल्या बायकांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल याची कल्पना करा. न विचारता केलेली शरीराची नक्कल, आणि लोक ती बघताहेत.

आता जुन्या मालिका आठवा. २००९ ची 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'. आपल्यातल्या कितीतरी जणींची पहिली कोरियन मालिका. तिथला नायक मुलीचा छळ करतो, मनगट धरून ओढत नेतो, आणि ते सगळं प्रेम म्हणून खपून जातं. मनगट धरून ओढणं तर इतकं नेहमीचं होतं की त्यावर पुढे तिकडेच टीका सुरू झाली, आणि नंतरच्या मालिकांमध्ये ते कमी झालेलं दिसतं. २०१८ च्या 'समथिंग इन द रेन'मध्ये नायिकेचा आधीचा प्रियकर पाठलाग करतो, त्रास देतो, आणि तिथे त्याला सरळ गुन्हेगारासारखंच रंगवलंय.

जे-ऑन यातलं काहीच करत नाही. नाबीवर ओरडत नाही, हात उगारत नाही. त्याचं वागणं कुठल्याच कलमात बसणार नाही. म्हणूनच त्याच्यावर मालिका काढणं धाडसाचं होतं असं मी म्हणेन. ओढून नेणारा नायक वाईट हे आता सगळ्यांना कळतं. जो ओढत नाही, फक्त दार अर्धं उघडं ठेवतो, त्याच्याबद्दल बोलायला शब्द कमी पडतात.

शेवटाबद्दल माझं मत मधलं आहे, पण कुणी सोल आणि जी-वानचा उल्लेख केला नाही याचं वाईट वाटलं. दोन मैत्रिणी, एकीचं दुसरीवर प्रेम, दुसरीला ते कळतंय पण ती टाळतेय. तिथेही अडकणं आहे, गप्प राहणं आहे, नाव न देणं आहे. पण तिथे ते भीतीतून येतं, कारण हरवण्यासारखं खूप आहे. आणि जी-वान शेवटी बोलते. शाल्मली, तुला न बोलणाऱ्या माणसाचं खरंखुरं बदलणं बघायचं असेल तर ते याच मालिकेत, बाजूच्या गोष्टीत आहे. मुख्य जोडीला मिळाला नाही इतका धीर लेखिकेने त्या दोघींना दिलाय.

निशिगंध

प्राची, सोल आणि जी-वान! हो हो. माझ्यासाठी नऊ भागांत सगळ्यात चांगलं तेच होतं, आणि मीच लिहायची विसरले. मग दहावा भाग त्या दोघींसाठी बघा असं म्हणायला हवं मला.

ऋता

मीच ती धाकटी बहीण. ताईने धाग्याचा दुवा पाठवला आणि 'वाच' एवढंच लिहिलं, म्हणून सगळं वाचून काढलं.

ताई, तुला वाटतं मला जे-ऑन आवडतो. मला तो आवडत नाही. म्हणजे दिसायला आवडतो, ते वेगळं. मला नाबी आवडते. आणि आपण भांडलो तेव्हा तू मला हे बोलूच दिलं नाहीस, तू सरळ 'असा मुलगा तुला भेटला तर' यावर गेलीस.

मी आत्तापर्यंत जितक्या कोरियन मालिका पाहिल्या त्यात नायिकेला काही हवं नसतं. ती गरीब असते, कष्टाळू असते, कुणाला तरी वाचवत असते, आणि नायक तिच्या मागे येतो. पहिल्या चुंबनाला तिचे डोळे सताड उघडे असतात, हात लटकलेले असतात, जणू तिला काही कळतच नाही. नाबीला कळतं. तिला तो हवा असतो. तिला त्याच्या हाताकडे बघावंसं वाटतं, त्याच्या घरी जावंसं वाटतं, आणि ती जाते, स्वतःच्या पायांनी. यासाठी मालिका तिला शिक्षा करत नाही. तिचे मित्रमैत्रिणी चिडतात, काळजी करतात, पण तिला कुणी वाईट मुलगी ठरवत नाही. हान सो-हीने आधीच्या वर्षी 'द वर्ल्ड ऑफ द मॅरिड'मध्ये जी भूमिका केली होती, विवाहित माणसाबरोबर राहणारी मुलगी, तिच्यावर लोक किती तुटून पडले होते. कोरियन केबल वाहिन्यांवरचं तोवरचं सगळ्यात जास्त रेटिंग त्या मालिकेला मिळालं, २८ टक्क्यांच्या वर. हवंसं वाटणाऱ्या बाईला शिक्षा होताना बघायला सगळे आले. आणि जिथे शिक्षा नाही तिथे दोन टक्के. हे तुला काहीच सांगत नाही?

वेबटूनसारखा शेवट ठेवला असता तर मला काय वाटलं असतं सांगू? की बघा, तिला हवंसं वाटलं, म्हणून तिला दुःख झालं, म्हणून ती शहाणी झाली, आता ती नीट मुलाकडे बघेल. मला तो शेवट नको होता. मला तिच्या चुकण्याचाही हक्क हवा होता, आणि ती चुकतेय हे तिला ठाऊक असताना.

वृंदाताई, तुमचं वाचून मी खूप वेळ काही लिहू शकले नाही. काम अडणं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ते भाग परत बघणार आहे.

शाल्मली

ऋता, तू हे मला घरात का नाही सांगितलंस असं लिहिणार होते, पण उत्तर तूच दिलंयस.

शिक्षेबद्दलचं तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं. चुंबनाला सताड डोळे उघडे ठेवून उभ्या राहणाऱ्या नायिका मीही वर्षानुवर्षं पाहिल्या आणि कधी काही खटकलं नाही. नाबीला हवंसं वाटणं हीच या मालिकेची ताकद आहे, आणि ती १९ वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठीच्या भागांमध्ये दाखवायची हिंमत त्यांनी केली. रेटिंगबद्दल मी तुझ्याएवढी खात्रीने बोलणार नाही. 'द वर्ल्ड ऑफ द मॅरिड' सूडाची गोष्ट होती, वेग वेगळा, प्रेक्षक वेगळा. पण प्रश्न चांगला आहे.

मात्र एका ठिकाणी मी हलणार नाही. शिक्षा न करणं आणि बक्षीस देणं यात जागा आहे. नाबी जे-ऑनला सोडून जाते आणि तिला त्याची आठवण येते, तिचं शरीर त्याला विसरत नाही, आणि तरी तिचं शिल्प पूर्ण होतं, असा शेवट शिक्षेचा झाला असता का? तिथे तिची इच्छाही शाबूत राहिली असती आणि वृंदाताई म्हणतात ते कामही. तू म्हणतेस चुकायचा हक्क. माझी तक्रार अशी आहे की मालिकेने तिला चुकूच दिलं नाही. शेवटी जे-ऑनला बदलून टाकलं, म्हणजे तिचा निर्णय बरोबर ठरवून टाकला. ओंकार म्हणतात तसा अनिश्चित शेवट असता, तो अजूनही तसाच हसतोय आणि ती तरीही हो म्हणतेय, तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते.

प्राची, सोल-जी-वानचे प्रसंग मी परत पाहिले. तू म्हणतेस ते खरं आहे. मला हवा होता तो साधा दिवस त्या दोघींच्या वाट्याला आलाय.

ऋता, शनिवारी आठवा भाग लाव, मी पण बसते. नाबीच्या हातांकडे बघू.

ऋता

आठवा नाही, सहाव्यापासून. काम कुठून अडायला लागतं ते बघायचंय मला. आणि मध्ये थांबवून व्याख्यान द्यायचं नाही.

मानसी_प

शाल्मली, ऋता, बघताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा आणि इथे येऊन सांगा. नाबी एकटी काम करते तेव्हा तिची हत्यारं कुठे ठेवलेली असतात आणि जे-ऑन आसपास असला की कुठे. मला एका प्रसंगात फरक दिसल्यासारखा वाटला होता, पण तो दिग्दर्शकाने मुद्दाम केलाय की नेपथ्यवाल्यांच्या हातून झालंय हे ठरवता आलं नाही. मुद्दाम असेल तर शेवटच्या भागातलं ते एकत्र काम पुन्हा नीट बघावं लागेल.